परदेशातून : किल्ल्याची किल्ली कुणाकडं?

2025 च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा आमच्या जुन्नरच्या शाळेच्या ग्रुपवर नुसते भगवे झेंडे आणि फटाके चालले होते, शिवनेरी त्यात आहे म्हटल्यावर साहजिकच आहे, मीही टाकले. ते ओसरल्यावर जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. एका बाजूचं म्हणणं की आता गडावरची हॉटेलं, टपऱ्या, घरं सगळं खाली आणा, सिक्युरिटी बसवा, तिकीट लावा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की सोयी नाहीत तर माणूस येणार नाही, माणूस येणार नाही तर पैसा कुठून येणार. मग कुणीतरी 2019 चं काढतं, सरकारने पंचवीस किल्ले हेरिटेज हॉटेलसाठी भाड्याने द्यायचं काढलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता, शेवटी महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा करावा लागला होता. मग पन्हाळ्याचा विषय निघतो, कारण पन्हाळ्यावर आख्खं गाव आहे, नगरपरिषद आहे, आणि यादीत नाव गेल्यावर आपल्या घरांचं काय होणार ही तिथल्या लोकांची धास्ती काही खोटी नाही. आणि मग हमखास कुणीतरी मला टॅग करून विचारतं, तुमच्या युरोपात कसं असतं रे?

तर माझं युरोप म्हणजे इटलीच्या वरच्या टोकाचं मेरान. इथले बरेच लोक बोलतात जर्मन, कारण पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळाला. मेरानहून पश्चिमेला आदिजे नदीच्या कडेकडेने वर जाणारी दरी म्हणजे फिन्शगाऊ, इटालियनमध्ये व्हाल व्हेनोस्ता. खाली सफरचंदाच्या बागा, वर बर्फ, आणि मधे जिथं बघाल तिथं एक चर्चचा मनोरा नाहीतर एक गढी. दरीतून छोटी रेल्वे जाते, मेरान ते माल्स साठ किलोमीटर, ती 1990 मध्ये तोट्यात म्हणून बंद केली होती आणि 2005 मध्ये इथल्या प्रांत सरकारने स्वतः हातात घेऊन परत सुरू केली. पाव्हणे आले की मी त्यांना त्याच गाडीत बसवतो, रोम-व्हेनिस बघून दमलेल्या माणसाला ही दरी जास्त आवडते असा माझा अनुभव आहे, आणि गर्दीही कमी.

पहिलं स्टेशन धरायचं नातुर्न्स. तिथं बागांच्या मधोमध सेंट प्रोकुलसचं चर्च आहे, चर्च कसलं, आपल्या गावाबाहेरच्या म्हसोबाच्या देवळापेक्षा थोडं मोठं. आत भिंतींवर चित्रं आहेत ती हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, नेमक्या कुठल्या शतकातली यावर तज्ज्ञांचं अजून जमत नाही. एका चित्रात एक संत दोराच्या झोक्यावर बसलेला आहे, दोन्ही हातांनी दोर धरलेला, डोळे हे एवढे मोठे, चेहऱ्यावर भीती नाही की भक्ती नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर माणूस जसा गंभीर होतो तसा. शहराच्या तटावरून त्याला दोराने खाली सोडतायत असं म्हणतात, तो सेंट पॉल की स्वतः प्रोकुलस यावरही वाद आहे. दुसऱ्या भिंतीवर गुरांचा कळप आहे आणि सोबत कुत्रा, कारण प्रोकुलस हा गुरांचा राखणदार. ही चित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली, तोवर वर गिलावा होता आणि त्यावर नंतरच्या काळातली दुसरी चित्रं होती. म्हणजे ‘युरोपात लोकांना आधीपासूनच वारशाची जाण’ वगैरे जे आपल्याकडं बोललं जातं ते डोक्यातून काढून टाका. इथल्या लोकांनीही झोक्यावरच्या संताला चुना फासला होता. वरच्या माल्स गावातलं सेंट बेनेडिक्टचं चर्च तर आठशे सालच्या आसपासचं, त्यात हातात तलवार धरलेला फ्रँक जमातीचा एक सरदार रंगवलेला आहे, त्या काळच्या साध्या माणसाचं, म्हणजे संत नसलेल्या माणसाचं चित्र फार कमी ठिकाणी टिकलंय. ते चर्च अठराव्या शतकाच्या शेवटी बंद करून गोदामासारखं वापरत होते. चित्रं कळली 1913 मध्ये.

मग टिकलं कसं? माझं मत असं झालंय की टिकलं ते कुणीतरी तिथं रोज कुलूप उघडत होतं म्हणून. कधी पुजेला, कधी धान्य ठेवायला, कधी नुसतं छप्पर गळतंय का बघायला. माल्सच्या बाजूच्या एका छोट्या चर्चला मी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं, पाटीवर बाजूच्या घराचा नंबर लिहिलेला, बेल वाजवली तर एक आजी एप्रनला हात पुसत आल्या, वीतभर लांब लोखंडी किल्ली घेऊन, दार उघडून दिलं आणि पायऱ्यांवरची पक्ष्यांची विष्ठा झाडायला लागल्या. तिकीट नाही, एक पेटी होती. त्यांच्या सासूबाईंकडं हीच किल्ली होती म्हणाल्या. माझ्या पोरीने भिंतीला बोट लावलं तर आजींनी ‘ना ना ना’ करून असं दरडावलं की ती अजून कुठल्याही चर्चमध्ये हात खिशात घालून फिरते. सीसीटीव्ही वगैरे काही नव्हता.

श्लुडेर्न्सची खुरबुर्ग ही गढी बघा. तेराव्या शतकात खुरच्या बिशपने बांधली, मग माच नावाच्या सरदारांकडं गेली, त्यांचा वंश 1504 मध्ये संपला आणि ट्राप घराण्याकडं आली, ती आजतागायत त्यांच्याकडंच. आत चिलखतांची जी खोली आहे ती बघायला जगभरातून माणसं येतात, कारण ही चिलखतं म्युझियमने कुठून कुठून गोळा केलेली नाहीत, या घरातल्या माणसांच्या मापाने शिवलेली, म्हणजे घडवलेली, आणि जिथं होती तिथंच टांगलेली आहेत. त्यातलं एक उलरिश फॉन माचचं, माणूस दोन मीटरपेक्षा उंच होता म्हणे, चिलखत पंचेचाळीस किलोच्या आसपास. वरच्या सज्ज्यात छताभर एक वेल रंगवलेला आहे आणि त्याच्या फांद्यांवर फळं लागावीत तशी घराण्यातली माणसं बसलेली, खापरपणजोबापासून. घरातली माणसं अजूनही तिथं येऊन राहतात, त्यामुळं बघायला मिळतो तो ठराविक भाग, गाईडबरोबरच फिरायचं, एकट्याने नाही.

आता इथं ग्रुपवरचे मित्र म्हणतील, बघा, प्रायव्हेट मालकीत कसं छान ठेवलंय. थांबा. आपल्याकडं प्रायव्हेट मालकीत वाडे आहेत, त्यांचं काय झालं? पुण्यातल्या पेठांत फिरून या. खरी गंमत अशी आहे की इथं, या प्रांतात, शेतीवाडीसाठी एक कायदा आहे, जुनी शेतवाडी घरासकट ‘बंद’ म्हणून नोंदवलेली असली तर ती तोडून वाटता येत नाही, एकाच वारसाला जाते, बाकीच्यांना पैसे द्यायचे. बाकीची भावंडं गाव सोडून गेली, नोकरीला लागली, धर्मगुरू झाली, काही नाराजही राहिली असतील, पण छप्पर एकाच्याच नावावर राहिलं आणि ते दुरुस्त करायची जबाबदारी पण त्याच्यावरच. मोठ्या घराण्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. आपल्याकडं समान वाटा हा न्याय आहे, आणि मला तो हवाच आहे, बहिणींना वगळून वाडा टिकवायचा असेल तर पडू दे तो वाडा. पण त्या न्यायाची किंमत वाड्याने मोजलीय हेही खरं. प्रॉपर्टी कार्डावर नावं वाढत जातात, कौलं बदलायला कुणी पैसे काढत नाही, भाडेकरू जुन्या भाड्यात बसलेला, आणि शेवटी सगळ्यांना परवडणारा एकच माणूस उरतो तो म्हणजे बिल्डर.

आणि किल्ल्यांचं तर गणितच निराळं. खुरबुर्ग हे एका घराण्याचं घर होतं, शिवनेरी कुणाचं घर नव्हतं, ती राज्याची जागा. राज्य गेलं की गड ओस पडला. आणि नुसता ओस नाही, 1818 नंतर इंग्रजांनी आमच्याच भागात चावंड, जीवधनच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, हेतू एवढाच की परत कुणी वर जाऊन राहू नये. दोनशे वर्षांपूर्वी ज्याच्या हातची किल्ली काढून घेतली त्याच्यावर ‘यांना वारसा सांभाळता येत नाही’ म्हणायचं, हे मला पटत नाही. म्हणून युरोपात कसं असतं हा प्रश्नच अर्धा चुकलेला आहे, तिथल्या गढ्यांची तुलना गडांशी नाही तर वाड्यांशी करायला पाहिजे.

गडांशी तुलना करायचीच तर ग्लुर्न्सशी करा. 1499 मध्ये काल्वेनची लढाई झाली, त्यात स्विस बाजूच्या लोकांनी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा पराभव केला आणि हे गाव जाळलं. मग त्याच्याभोवती तट बांधला, सोळाव्या शतकात, तीन दरवाजे, कोपऱ्यांवर बुरूज, आणि तो आख्खा तट आजही उभा आहे. आत राहतात नऊशेच्या आसपास माणसं. पुढं व्यापार दुसरीकडं गेला, गावाकडं नवीन बांधायला पैसाच राहिला नाही, म्हणून जुनं तसंच राहिलं, गरिबीने वाचवलेलं गाव आहे ते. दरवाज्यातून आत शिरलं की कमानींखाली दुकानं, बेकरी, कुणाच्या तरी पोराची सायकल, वरच्या खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. तटाला लागून घरं. आपल्या नियमाने बघायला गेलं तर राष्ट्रीय संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी काढून, म्हणजे या गावात अर्ध्या लोकांना संडास बांधता आला नसता! इथं नियम नाहीत असं मुळीच नाही, खिडकीची चौकट बदलायची तरी वास्तुजतन खात्याला विचारावं लागतं, माझ्या ऑफिसातला एक जण त्याच भागातला आहे, त्याने छपराच्या कामाच्या परवानगीला जो वेळ लागला त्यावर मला इतक्या वेळा ऐकवलंय की विचारू नका. पण फरक असा की खातं ‘नाही’ म्हणून मोकळं होत नाही, ‘असं नको, तसं कर’ म्हणतं, आणि तसं करायला जो जास्तीचा खर्च येतो त्यातला काही प्रांत सरकार देतं. माणूस तिथं राहायला पाहिजे हे आधी धरून चाललेलं असतं.

आता हे सगळं पैशाशिवाय होत नाही, ते लपवायला नको. 1972 च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर या प्रांताला भाषा, शाळा, वारसा अशा कितीतरी गोष्टींत स्वतःचा अधिकार मिळाला, आणि इथं गोळा होणाऱ्या करातला साधारण 90 टक्के पैसा इथंच राहतो. पुरातत्त्वाची परवानगी दिल्लीहून यावी तशी ती इथं रोमहून येत नाही, प्रांताच्या राजधानीत, बोल्झानोत सुटते. पन्हाळ्याच्या माणसाला आपल्या घराचं काय होणार हे कळायला किती ऑफिसांच्या पायऱ्या चढाव्या लागतील त्याचा विचार करा, काही वास्तू केंद्राच्या खात्याकडं, काही राज्याच्या, रस्ता बांधकाम खात्याचा, झाडं वनखात्याची.

उगीच सगळं गोड नाही हेही सांगतो. दरीच्या वरच्या टोकाला रेशेन तलाव आहे, तलावातून चर्चचा एकटा मनोरा वर आलेला, तुम्ही फोटो बघितला असणारच. चौदाव्या शतकातला मनोरा. खाली ग्राउन गाव होतं. वीज कंपनीला धरण हवं होतं, पाणी बावीस मीटर वर घ्यायचं ठरलं, नोटीस लावली ती इटालियनमध्ये आणि गाव जर्मन वाचणारं, त्यामुळं हरकतीची मुदत कधी गेली ते कळलंच नाही. गावचा पाद्री आल्फ्रेड रीपर थेट पोपपर्यंत जाऊन आला. उपयोग शून्य. 1950 मध्ये 163 घरं आणि 523 हेक्टर जमीन पाण्याखाली गेली, चर्च पाडलं, मनोरा तेवढा संरक्षित वास्तू म्हणून ठेवला. घरं नाही ठेवली, मनोरा ठेवला! आज तिथं पार्किंगला जागा मिळत नाही, सेल्फीसाठी रांग, हिवाळ्यात घंटा ऐकू येतात अशी गोष्ट सांगून लोक खूश होतात, घंटा तर पाणी भरायच्या आधीच काढून नेल्या होत्या. 2021 मध्ये दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं तेव्हा जुन्या घरांच्या पायऱ्या, भिंती वर आल्या आणि लोक चिखलात फिरायला लागले. मी ते फोटो बघत होतो आणि मला आठवत होतं ते पळसदेव. उजनीचं पाणी आटलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं, मग पेपरात बातमी, मग बोटीतून नाहीतर चिखलातून जाणारे लोक, रील्स. गावं कुणाची गेली, त्यांचं पुनर्वसन कुठं झालं, झालं का, हे त्या बातमीत शोधावं लागतं. याबाबतीत इथं आणि तिथं काही फरक नाही, 1921 ला मुळशीला धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले होते तेव्हापासून आपल्याला हे माहीत आहे. रिकामी केलेली जागा दिसायला सुंदर दिसते, आणि आपण त्या सुंदरपणालाच वारसा म्हणायला लागतो.

म्हणूनच ‘गड मोकळे करा’ हे वाक्य ऐकलं की मी जरा दचकतो. अतिक्रमण काढायला पाहिजे, तटावर टाइल्स लावून केलेलं बांधकाम पाडायला पाहिजे, गडावर दारू पिणाऱ्याला खाली आणलं पाहिजे, यात वाद नाही. पण सगळी माणसं खाली आणून वर फक्त पाटी, लाईट-साऊंड शो आणि तिकीटघर ठेवायचं असेल तर तो ग्राउनचा मनोरा झाला. सिंधुदुर्गात अजून काही कुटुंबं राहतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा चालते. शिवनेरीवर शिवाईचं देऊळ बघा, रोज दिवा लागतो, झाडलेलं असतं, आणि थोडं वर गेल्यावर अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार बघा, त्याला कुणी वाली नव्हता तेव्हा काय अवस्था झाली ती भिंतीच सांगतात. देवळाला गुरव आहे, अंबरखान्याला खातं आहे.

भक्तीने सगळं सुरक्षित राहतं असंही नाही म्हणा. दगडी गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावणारेही भक्तच असतात, त्यांचा हेतू चांगला असतो. त्यावर इथला उपाय मला आवडतो. माल्सच्या वर बुर्गाइस गावापाशी मारिएनबर्गचा मठ आहे, बेनेडिक्टाइन साधूंचा, समुद्रसपाटीपासून 1340 मीटरवर, युरोपात त्या पंथाचा इतक्या उंचीवर दुसरा मठ नाही. त्याच्या तळघरातल्या प्रार्थनाघरात बाराव्या शतकातली चित्रं आहेत, गर्द निळ्यावर मोठाल्या पंखांचे देवदूत. मधल्या काळात तिथं साधूंना पुरत होते, थडगी हलवल्यावर 1980 मध्ये चित्रं पूर्ण उघडी पडली आणि रंग इतके ताजे की काल दिल्यासारखे. आता श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब होतात म्हणून पर्यटकांसाठी ते तळघर बंद. वर म्युझियममध्ये फिल्म बघायची. पण उन्हाळ्यात साधू संध्याकाळची प्रार्थना तिथं करतात, त्या वेळी तुम्ही बसू शकता. म्हणजे बघायला बंदी, प्रार्थनेला नाही. मी गेलो होतो, मला लॅटिन येत नाही आणि जर्मनही इतकं नाही की प्रार्थना कळावी, बाकावर गप बसलो, पंखांची पिसं मोजत. फोन काढायची कुणाची हिंमत झाली नाही. तोच नियम आपल्याकडं एखाद्या लेणीला लावून बघा, किती हजार कोर्ट केसेस होतील ते वेगळं, पण विचार करण्यासारखा आहे.

सीमेपलीकडं स्वित्झर्लंडमध्ये म्युस्टाइरला सेंट जॉनचा मठ आहे, 775 च्या आसपास बांधलेला, 1983 पासून युनेस्कोच्या यादीत. बाराव्या शतकापासून तिथं नन राहतात, आजही आहेत, पण आता मोजक्याच. पुढच्या पिढीत कुणी येईल का, हा प्रश्न तिथं उघड बोलला जातो. मारिएनबर्गलाही तेच. युरोपातले मठ रिकामे होतायत आणि किल्ली धरायला माणूस नाही, ही इथली धास्ती. आपल्याकडं माणूस उलट भरपूर आहे. दर रविवारी स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकून पोरं गडावर जातात, टाक्यातला गाळ काढतात, दरीत पडलेल्या तोफा वर आणतात, सागवानी दरवाजे बसवतात. त्यांच्याकडं काही कमी असेल तर ते म्हणजे अधिकार आणि शास्त्र, सिमेंट कुठं लावायचं नाही हे सांगणारा माणूस. तो माणूस खात्यात बसलेला आहे आणि खात्याकडं पोरं नाहीत. पन्हाळ्याला, सिंधुदुर्गाला, शिवनेरीच्या पायथ्याला तिथल्याच माणसांना लेखी जबाबदारी, थोडा पगार आणि एक जाणकार दिला तर हॉटेलवाल्याचीही गरज नाही आणि हाकलण्याचीही नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘तिकडं बसून सांगायला काय जातंय.’

बरोबर आहे त्याचं. कारण त्याच आठवड्यात चुलतभावाचा फोन आला होता, जुन्नरातल्या आमच्या जुन्या घराच्या कागदांचा. सागवानी तुळया आहेत, मधे चौक आहे, परसात आड आहे, आणि कार्डावर सतरा नावं आहेत, त्यातली निम्मी कुठं आहेत तेही माहीत नाही. या सगळ्यांपैकी भाऊ एकटाच तिथं राहतो, दर पावसाळ्यात ताडपत्री टाकतो. मी त्याला म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून दुरुस्त करू, मी निम्मे देतो. तो म्हणाला, दादा, तू पैसे देशील, पण बाकीच्या पंधरा जणांच्या सह्या कोण आणणार, आणि राहणार कोण? बिल्डर सह्यांसकट सगळं करतो म्हणतोय. भावाला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळेल, लिफ्ट असेल, त्याच्या आईचे गुडघे गेलेत. मुखत्यारपत्राचा मसुदा मेलवर आलाय, मिलानच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन शिक्का मारून आणायचा आहे. मी अपॉइंटमेंट घेतलीय.